सरदाराचा कोणता हात

सिनेमाचा मला पहिल्यापासून राग आहे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढची हकिकत एखाद्या शौकिनानं तिखटमीठ लावून सांगितली असं कोणाला वाटायचं. माझं नाव भाईदास. सोयरिकी जुळवणं हा माझा उद्योग. पहूरपासून साक्रीपर्यंत मी जुळवलेल्या घरांत अजून तरी मला पाहून कोणी दार लावून घेतलेलं नाही. परक्या माणसांची भांडणं बघायला पदरचे पैसे मोडून अंधारात जाऊन बसायचं, यात काय मौज आहे ते मला कधी कळलं नाही. भांडणं मला माझ्या उद्योगातच पोटभर मिळतात.

पण पहुरात राहून सिनेमापासून लांब राहायची सोय नव्हती, कारण पहुरात पितांबरनाना होते. काळी जमीन, कपाशी, दोन बैलजोड्या, असा चांगला खाऊनपिऊन सुखी माणूस. जळगावला कापूस घेऊन गेले की त्यांचा सौदा दुपारीच उरकायचा, पण नाना परतायचे दुसऱ्या दिवशी. मधली संध्याकाळ सिनेमाच्या तंबूत जायची. परत आले की मारुतीच्या पारावर बसून अख्खा सिनेमा सांगायचे. चित्रं तेव्हा मुकीच होती. पडद्यावर दोन ओळी लिहून यायच्या आणि बाकी सगळं पेटी-तबल्यावर भागायचं. त्यामुळे नानांना बोलायला भरपूर जागा होती. ते राजा व्हायचे, राणी व्हायचे, एकदा तर घोडाही झाले होते. चित्रं आता बोलायला लागणार अशी आवई मुंबईहून आली, तेव्हा गावात एकटे नानाच खट्टू झाले. चित्रं बोलायला लागली तर मी काय करू, असं त्यांनी मला अगदी गंभीरपणे विचारलं होतं.

त्यांच्या बायकोनं, कुंदाबाईंनी, कधी सिनेमा पाहिला नाही. नवरा चुलीपुढे बसून सांगायचा तेवढा त्यांना पुष्कळ होता. या माणसानं राणीचं दुःख मला जितक्या वेळा सांगितलं तितक्या वेळा माझं विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं त्या म्हणायच्या.

दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नाना वर्षाचा निकाल लावत. माहेरवाशिणी झोक्यावर, पुरुष पत्त्यांवर, आणि नाना पारावर. यंदा पाहिलेल्यांत सगळ्यात चांगला सिनेमा कोणता आणि सगळ्यात रद्दी कोणता, हे ते जाहीर करायचे, आणि गाव ते मानायचं. नानांनी रद्दी ठरवलेला सिनेमा पुन्हा जळगावात लागला, तर आमच्या गावची माणसं तंबूच्या दारापर्यंत जाऊन, भजी खाऊन परत यायची. ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी रद्दीचा मान एका देवादिकांच्या चित्राला मिळाला होता, कारण त्यात आकाशातून येणाऱ्या देवाच्या कमरेची तार नानांना दिसली होती. आणि सगळ्यात चांगला ठरला तो हात तुटलेल्या सरदाराचा सिनेमा. त्याचं खरं नाव काही वेगळंच होतं, पण पहुरात त्याला कोणी दुसऱ्या नावानं ओळखत नव्हतं.

त्यात असं होतं, की एक सरदार नवी नवरी घरात ठेवून लढाईला जातो. लढाईत त्याचा डावा हात तुटतो. तो मेला अशी खबर घरी येते, नवरीचं कुंकू पुसलं जातं, आणि वर्षभरानं तो लंगडत, फाटक्या कपड्यांत दारात उभा राहतो. नवरी ओळखते आणि रिकामं कपाळ पदरानं झाकते. मग तो देवघरातला करंडा मांडीत धरून, उरलेल्या एका हातानं उघडतो आणि तिच्या कपाळावर पुन्हा कुंकू लावतो. नाना हे सांगताना डावा हात सदऱ्यात लपवायचे आणि उजव्या हाताचं बोट हवेत धरायचे. पारावरचा एखादा डोळे पुसत उठून जायचा. मीसुद्धा तिथून उठून जायचो, ते दुसऱ्या कारणानं.

आता मुद्द्यावर येतो. नानांची मुलगी यशोदा लग्नाची झाली होती, खरं तर होऊन गेली होती. पहिली सोयरीक पत्रिकेवरून मोडली. दुसरी सुपारी फुटण्याच्या दिवशीच मोडली, मंडळी जेवून, हात धुऊन निघून गेली. पोरीत काही खोट नव्हती, पण दोनदा मोडलं की लोक खोट शोधून देतात. कुंदाबाईंनी नदीवर जायची वेळ बदलली होती, बायकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला नकोत म्हणून. नाना वरवर हसायचे, पण त्या वर्षी आखाजीचा निकाल त्यांनी घाईघाईत आटपला. आता तिसऱ्यांदा मोडलं तर पोरीला उजवणं कठीण आहे, हे त्यांना कळत होतं आणि मलाही कळत होतं.

मी त्यांच्यासाठी साक्रीकडचं घर काढलं. झुलालआबा तिकडचे मातब्बर शेतकरी. मुलगा मगन शांत, सातवी पास, कामसू. आबा मात्र तालेवार आणि तोंडाळ. एक शब्द खाली पडू देणार नाहीत. आणि त्यांनाही सिनेमाचा शौक. दर पंधरवड्याला धुळ्याला जायचे, आणि परत आले की सांगायचे, आपण खुर्चीवर बसलो होतो. हे ऐकून मी खूश झालो. दोन व्याही एकाच छंदाचे निघाले तर बोलणं आपोआप गोड होईल, असा मी हिशेब केला. माझा सिनेमावरचा राग आहे तो उगाच नाही.

आखाजीनंतर आठवड्याभरात मंडळी पहुरात आली. आत कुंदाबाईंनी भरीत केलं होतं, बट्ट्या तुपात तळल्या जात होत्या. यशोदा आत कुंकवाचं ताट घेऊन तयार बसली होती. बाहेर ओट्यावर पंचमंडळी, पुढ्यात पान-सुपारीचं तबक. देण्याघेण्याचं मी आधीच मिटवून ठेवलं होतं, त्यामुळे सुपारी फोडायचं तेवढं बाकी होतं. तेवढ्यात झुलालआबांनी हसत हसत विचारलं की नाना, तुमच्या निकालाचा लौकिक साक्रीपर्यंत आलाय, यंदाचा पहिला नंबर कोणाचा?

नाना खुलले. सुपारीचा अडकित्ता बाजूला ठेवून त्यांनी सरदार सुरू केला. मी त्यांच्या पायाला पाय लावला, पण ते तोवर लढाईवर गेले होते. शेवटी डावा हात सदऱ्यात गेला, उजवं बोट हवेत आलं, आणि ओट्यावरच्या दोघातिघांनी उपरण्यानं डोळे टिपले. झुलालआबांचा पारा मात्र हळूहळू चढत गेला.

"यंदा जितला शिनेमा देखात," ते म्हणाले, "त्या बठ्ठासमा रद्दी कोनता व्हई तं तो हाऊच. डावा हातघाई कुंकू लावस तो. आनि हाऊ माणूस म्हनस का मना डोळामा पानी उनं."

म्हणजे नानांचा पहिला नंबर आबांच्या लेखी सगळ्यात रद्दी. नाना म्हणाले की डावा नाही आबा, उजवा, डावा तर तुटलेला असतो. आबा म्हणाले की उजवा तुटतो, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मग त्यांची गाडी सुटली. त्या एका सिनेमाचंच काय, यंदाच्या सगळ्याच सिनेमांचं त्यांना वावडं होतं. हल्ली सगळे नट डावरे घेतात. राजा डाव्या हातानं जेवतो, ऋषी डाव्या हातानं आशीर्वाद देतो, राणी नथ उजव्या नाकपुडीत घालते. मध्ये मध्ये अक्षरं येतात तीही अशी काढतात की चौथी शिकलेल्या माणसाला एक ओळ लागू नये, गुजराथीत लिहितात की काय कोण जाणे. आणि असल्या अशुभ कुंकवाची वाखाणणी जो माणूस सुपारीच्या बैठकीत करतो, त्याच्या घरची मुलगी आपल्या घरात आणावी की नाही याचा विचार करावा लागेल. हे शेवटचं वाक्य ते माझ्याकडे बघून बोलले.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत जे चमकलं ते मी ओळखलं, कारण तेच माझ्याही ध्यानात आलं होतं. तंबूचा सिनेमा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पडदा असतो तंबूच्या मध्यावर. यंत्र असतं त्या अंगाला पुरुष बसतात, त्यांच्यात पैसेवाल्यांना खुर्च्या. पडद्याच्या पलीकडे बायका, आणि कनातीच्या आडोशानं ज्यांना तिकिटाचा पैसा जड वाटतो असे पुरुष. खेळाआधी पडद्यावर बादलीभर पाणी मारतात, म्हणजे चित्र कापडातून पलीकडेही दिसतं. दिसतं ते उलटं, आरशात दिसावं तसं. उजव्याचं डावं आणि डाव्याचं उजवं. झुलालआबा आयुष्यात कधी खुर्चीवर बसले नव्हते. ते पहिल्यापासून पडद्यामागे बसत आले होते, आणि पुढून वेगळं दिसतं याचा त्यांना पत्ताच नव्हता.

नानांच्या ओठांवर ते आलं होतं. सिनेमाच्या बाबतीत नानांनी कधी कोणाचं खोटं चालू दिलं नव्हतं. मामलेदार एकदा गावात मुक्कामाला असताना एका राक्षसाच्या मिशांवरून त्यांच्याशी नानांनी वाद घातला होता. आणि इथे तर त्यांच्या सगळ्यात लाडक्या सिनेमाला कोणी अशुभ म्हणत होतं, तेही मागून बघून. एक वाक्य बोलायचं होतं. आबा, तुम्ही पडद्यामागे बसता, एवढंच. ओटा हसला असता, आबांचा खुर्चीचा डौल पंचांसमोर उतरला असता, आणि ते जोडे घालून निघून गेले असते.

आत बट्ट्या तळायचा आवाज थांबला होता. दाराआड बायका कान देऊन उभ्या होत्या. कुंकवाचं ताट घेतलेली यशोदा त्यांच्यातच होती. मला माझ्या लौकिकाची काळजी होती, हे कबूल. पण त्या क्षणी मला त्या पोरीचीच काळजी जास्त वाटली.

नानांनी सदऱ्यातला हात बाहेर काढला. "झुलालआबा, तुम्ही म्हन्ता तेच खरं," ते म्हणाले. "माह्या डोयाले आता बरोबर दिसत नही. उजवं-डावं कयत नही मले."

आबांचा चेहरा लगेच निवळला. जिंकल्यावर ते फार उदार माणूस होते. वय झालं की असं होतं, असं म्हणून त्यांनी नानांना धुळ्याच्या एका वैद्याचं नाव सांगितलं आणि स्वतःच्या हातानं सुपारी फोडली. यशोदेला कुंकू लागलं. कुंदाबाईंनी भरीत वाढताना नवऱ्याच्या ताटात दोनदा तूप वाढलं.

लग्न जेठात झालं, चांगलं झालं. पण पहुरात नानांची जी गादी होती ती गेली. पंचांनी ऐकलं होतं, पंचांनी गावाला सांगितलं. नानांना उजवं-डावं कळत नाही म्हटल्यावर त्यांच्या निकालावर कोण विश्वास ठेवणार? पोरं औत हाकताना बैलाला म्हणायची, नानांच्या उजव्या बाजूला वळ. माणसं त्यांना न विचारता जळगावला जाऊन काहीही बघून यायला लागली. तारेवरच्या देवाला तर गावानं डोक्यावर घेतलं. मी खरं सांगायला निघालो होतो, पण नानांनी मला यशोदेची शपथ घातली. साक्रीला पोचायला बातमीला किती वेळ लागतो, असं म्हणाले. मग पारावर यायचंच त्यांनी कमी केलं. बायकोला चुलीपुढे सांगत तेवढंच. कुंदाबाई आता न कंटाळता ऐकून घ्यायच्या, आणि सरदाराचा हात कोणता ते कधी विचारायच्या नाहीत.

पुढच्या चैत्रात आखाजीसाठी यशोदेला माहेरी आणायचं ठरलं. मुराळी म्हणून नाना स्वतः निघाले आणि मला ओढत घेऊन गेले. झुलालआबांचं घर एकवीरादेवीच्या जत्रेला धुळ्यात आलं होतं, तिथूनच तिला घ्यायचं होतं. पांझरेच्या काठी माणसांचा समुद्र. पाळणे, रेवड्या, बांगड्यांची दुकानं, आणि एका कडेला सिनेमाचा तंबू. तंबूवाला ओरडून सांगत होता, लोकाग्रहास्तव पुन्हा एकदा, आणि नाव घेत होता ते आमच्या हात तुटलेल्या सरदाराच्याच सिनेमाचं. मी नानांना रेवड्यांच्या दुकानाकडे ओढायला लागलो.

यशोदा बाळसेदार दिसत होती, हसत होती. मगननं तिच्यासाठी बांगड्या घेतल्या होत्या. तिनं कधीच सिनेमा पाहिला नव्हता. नानांचा लाडका सिनेमा लागलाय म्हटल्यावर ती सासूमागे लागली, आणि तिची सासू भिकुबाई तिला घेऊन पडद्यापलीकडे बायकांत गेली. झुलालआबाही सवयीनं तिकडेच वळले होते. दोन पावलं गेल्यावर त्यांना व्याही सोबत असल्याची आठवण झाली. मग खाकरले, वळले, आणि त्यांनी पुढच्या तीन खुर्च्या घेतल्या.

दिवेलागणीचा खेळ सुरू झाला. पडद्यावर पाणी मारलं, पेटीनं सूर धरला, पहिली ओळ उमटली. झुलालआबा पुढे वाकले. मग त्यांनी ती ओळ मोठ्यानं वाचली, एकेक अक्षर लावत. दुसरी आली, तीही वाचली. गुजराथी नव्हतं. तिसऱ्या ओळीला त्यांचा आवाज बारीक झाला. सरदार जेवायला बसला, उजव्या हातानं घास घेतला. आबांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. लढाई झाली, डावा हात तुटला. मी पडद्याकडे बघतच नव्हतो, आणि माझी खात्री आहे की नानाही बघत नव्हते. आम्ही दोघं आबांकडे बघत होतो. शेवटी करंडा उघडला, उजवं बोट कपाळाकडे गेलं, आणि आबांनी उपरणं तोंडावर ओढलं. माझ्याही डोळ्यांत काही गेलं होतं. त्या तंबूत धूळ फार होती.

दिवे लागले. आबांनी खुर्चीतच बसून उपरण्याची घडी घातली. मग नानांकडे न बघता म्हणाले की सिनेमा सुधारलेला दिसतो, गेल्या साली आपण बोललो ते कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं असावं. नाना म्हणाले की हो, पुष्कळच सुधारलाय. मी विचारलं, मग आबा, यंदाचा सगळ्यात चांगला कोणता? ते म्हणाले, हाऊच. आणि सगळ्यात रद्दी? तोही हाच, म्हणाले, गेल्या सालचा. बोलताना त्यांचे कान लाल झाले होते, आणि मला उगाच विचारलं असं झालं.

आम्ही बाहेर आलो. पलीकडून बायका आल्या. यशोदेचे डोळे रडून सुजले होते. ती सरळ वडिलांपाशी आली, त्यांचा हात धरला, आणि आजाऱ्याशी बोलावं तशी हळू बोलली. म्हणाली, नाना, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, पण तो डाव्याच हातानं लावतो. मी नीट पाहिलं. मामांजी त्या दिवशी बरोबर होते. तुम्ही डोळे दाखवा ना कोणाला तरी.

नाना हसले. हो पोरी, म्हणाले, तुझे सासरे बरोबरच होते, मी तेव्हाच मान्य केलं. त्यांचा आवाज अगदी सरळ होता. आयुष्यात ज्या एका गोष्टीचा त्यांना अभिमान होता, ती त्यांनी पंचांपुढे टाकली होती, गावापुढे टाकली होती, आणि आता पोरीपुढेही टाकली. मला त्या माणसाचा राग आला. शपथ मोडायला मी तोंड उघडणार होतो.

पण झुलालआबा तिथेच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. भिकुबाई होती, मगन होता, तंबूतून बाहेर पडणारी साक्रीची ओळखीची माणसं होती. आबा जोड्यानं माती उकरत राहिले. मग त्यांनी मान वर केली, आणि चारचौघांना ऐकू जाईल असं बोलले.

"उद्याना खेळले सूनबाई पुढे बशी. मना बाजूले, खुर्चीवर," ते म्हणाले. "मागे बशीसन काही खरं दिखत नही. मी इतला साल तठेच बठेल व्हतू."